आइसलँडची प्रदक्षिणा: गाडी, कॅमेरा आणि काळा कातळ

आइसलँडचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आसपास, आणि तीही बहुतांशी रेक्याविक व त्याच्या परिसरात एकवटलेली. देशात रेल्वे नाही. बेटाभोवती फिरणारा क्रमांक १ चा रस्ता, ज्याला सर्वजण रिंग रोड म्हणतात, तो सुमारे १,३२० किलोमीटर लांबीचा असून दक्षिणेकडील हिमनद्यांच्या पाण्यावर पूल बांधून झाल्यावर १९७४ मध्ये पूर्ण झाला. ज्याला छायाचित्रे काढायची आहेत, त्याने स्वतःच गाडी चालवावी हे उत्तम, कारण पर्यटकांच्या बसला उजेडाशी काही देणेघेणे नसते.

आम्ही सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडला. जून-जुलैत तेथे धड रात्र होत नाही, डिसेंबरात दिवस जेमतेम चार तासांचा असतो; सप्टेंबरात दिवस-रात्र समसमान असल्यामुळे उजेडही पुरेसा मिळतो आणि अंधारात ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशाही असते. पफिन पक्षी ऑगस्टमध्येच समुद्रावर निघून गेलेले असतात, एवढाच तोटा. गाडीत मी, पत्नी आणि माझा मेहुणा असे तिघे होतो. मेहुणा भूशास्त्र शिकवतो. सह्याद्रीत त्याच्याबरोबर भटकण्याची सवय असल्याने या प्रवासातही प्रत्येक कातळापाशी दहा मिनिटे मोडणार हे गृहीत धरूनच आम्ही मुक्काम आखले होते.

पहिला दिवस: केफ्लाविक ते थिंगव्हेलिर

विमानतळावर गाडी ताब्यात घेताना तेथील मुलीने सर्वांत जास्त वेळ इंजिनाबद्दल नव्हे, तर दारांबद्दल सांगितले. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची आणि दार उघडताना ते हाताने घट्ट धरायचे, कारण वाऱ्याच्या झोताने दार उलटे वाकल्यास तो खर्च बहुधा विम्यात बसत नाही. बाकीचे नियम सोपे आहेत: गाडी उजव्या बाजूने चालवायची, दिवे दिवसाही चालू ठेवायचे, डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि गावात ५० किलोमीटरची मर्यादा पाळायची. रस्ता सोडून गाडी मोकळ्या रानात घालणे हा गुन्हा आहे. ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे अंतर्भागातील रस्ते फक्त फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना खुले असतात. आमची गाडी तशी होती, पण नद्या ओलांडण्याची हौस आम्हाला नव्हती.

थिंगव्हेलिरला इ.स. ९३० मध्ये आइसलँडच्या लोकसभेची पहिली बैठक भरली, आणि त्याच जागी उत्तर अमेरिकेचे व युरेशियाचे भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर या गतीने दूर सरकत आहेत. आल्मान्नाग्या या घळईतून चालताना दोन्ही बाजूंना काळ्या भिंती उभ्या असतात. सप्टेंबरात खुरट्या बर्चची पाने पिवळी आणि जमिनीलगतची झुडपे गडद तांबडी झालेली असल्याने काळ्या खडकावर हे रंग विलक्षण उठून दिसतात. त्या संध्याकाळी पहिली गोष्ट लक्षात आली ती सूर्यास्ताची. विषुवदिनाच्या सुमारास मुंबईत सूर्य क्षितिजाशी सुमारे ७१ अंशांचा कोन करून सरळ खाली बुडतो. येथे तो सुमारे २६ अंशांनी तिरका उतरतो. त्यामुळे मुंबईत वीस-बावीस मिनिटांत संपणारा संधिप्रकाश येथे पाऊण तास टिकतो. ट्रायपॉड उभा करा, फ्रेम बदला, लेन्स बदला, तरी उजेड शिल्लकच असतो.

दुसरा दिवस: गेसिर, गुलफॉस, सेल्यालांड्सफॉस

गेसिरच्या परिसरातील स्ट्रोक्कुर हा उष्णोदकाचा फवारा साधारण सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. सर्वजण उंच गेलेल्या पाण्याचे छायाचित्र घेतात. खरे पाहण्यासारखे त्याच्या आधीचे क्षण असतात, जेव्हा कुंडातील पाणी निळ्या घुमटासारखे फुगते आणि मग फुटते. गुलफॉसवर ह्विता नदी दोन टप्प्यांत, ११ आणि २१ मीटर, खाली कोसळते. विसाव्या शतकाच्या आरंभी या धबधब्यावर वीज प्रकल्प होऊ नये म्हणून शेजारच्या ब्रात्थोल्ट येथील सिग्रीदुर तोमास्दोत्तिर या शेतकऱ्याच्या मुलीने चिवट लढा दिला; तिची शिल्पाकृती तेथे आहे.

सेल्यालांड्सफॉस सुमारे ६० मीटर उंच असून त्याच्या पाठीमागून चालत जाता येते. धबधब्याचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे संध्याकाळी आतल्या कपारीतून पाण्याच्या पडद्याआड मावळता सूर्य दिसतो. चित्र सोपे आहे, अडचण तुषारांची आहे. पत्नीने एका हातात कापड धरून प्रत्येक क्लिकआधी लेन्स पुसून दिली नसती, तर एकही फ्रेम कामाची निघाली नसती.

तिसरा दिवस: स्कोगाफॉस ते विक

रात्रभर वारा होता. सकाळी एयाफ्यात्लायोकुलच्या कड्यांखालून जाताना, म्हणजे ज्या ज्वालामुखीच्या राखेने २०१० मध्ये युरोपची विमाने जमिनीवर खिळवली त्याच्याच पायथ्याशी, बारीक धबधब्यांचे पाणी खाली न पडता उलटे वर उडत होते. पावसाळ्यात नाणेघाटात आणि लोहगडावर हेच दृश्य पाहायला आपल्याकडे झुंबड उडते. येथे कोणी थांबतही नव्हते.

स्कोगाफॉसची गर्दी टाळायची तर सकाळी सातला पोहोचावे. सोल्हेमासांदुर येथील १९७३ सालच्या अमेरिकी विमानाच्या सांगाड्याकडे आम्ही गेलो नाही. ते चित्र इतक्यांदा पाहिले आहे की तेथे जाऊन नवे काही सापडेल असे मला वाटले नाही.

रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र बराच वेळ काढला. येथील लाटा फसव्या आहेत. आठ-दहा लाटा शांतपणे येऊन जातात आणि मग एखादी अचानक कितीतरी पुढे घुसते; येथे माणसे वाहून गेलेली आहेत. म्हणून किनाऱ्याच्या वाटेवर आता इशाऱ्याचे दिवे बसवले आहेत. त्या दिवशी पिवळा दिवा होता. समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घालायचे नाही, असे आम्ही ठरवून घेतले होते: एकजण चित्र काढत असताना दुसऱ्याने फक्त पाण्याकडे पाहायचे. किनाऱ्यालगतच्या गुहेच्या तोंडाशी बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे, षटकोनी स्तंभ जिन्यासारखे रचलेले आहेत. मेहुणा त्यांना हात लावून म्हणाला, “दाजी, अंधेरीला गिल्बर्ट टेकडी पाहिली होती ना आपण? तीच गोष्ट. फक्त ती साडेसहा कोटी वर्षांची आहे, आणि या अख्ख्या बेटावर दीड-पावणेदोन कोटी वर्षांहून जुना दगड सापडत नाही.”

या एका वाक्याने पुढचा सगळा प्रवास माझ्यासाठी बदलला. दख्खनच्या पठारावर जे घडून कधीच थंड झाले, तेच येथे अजून घडते आहे. निव्वळ सुंदर दृश्यांचा संग्रह करण्यापेक्षा हा कातळ त्याच्या वेगवेगळ्या वयांत टिपावा असे मी त्या रात्री विकमध्ये ठरवले. गावातील चर्च टेकडीवर आहे. जवळच्या काटला ज्वालामुखीचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला. तो पुन्हा जागा होऊन हिमनदी वितळली, तर पुरापासून बचावासाठी गावाने याच चर्चकडे धाव घ्यायची आहे.

चौथा दिवस: लाव्हाचे रान आणि वाळूचे मैदान

विकच्या पूर्वेला एल्डह्राउन हे लाव्हाचे रान लागते. १७८३-८४ मध्ये लाकी या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत राहिला आणि त्याने ५०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश व्यापला. विषारी वायूंनी गवत नासले, गुरे-मेंढ्या मेल्या, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश माणसे गेली. आज त्या लाव्हावर राखट-हिरव्या शेवाळाचा वीतभर जाड थर आहे. हे शेवाळ अतिशय सावकाश वाढते, त्यावर पडलेले पाऊल पुढची अनेक दशके पुसले जात नाही. तरी दोरी ओलांडून त्यावर आडवे पडून फोटो काढणारे महाभाग दिसलेच. आम्ही गाडी थांब्यावर लावून लांब पल्ल्याच्या लेन्सने काम भागवले. ढगाळ, सपाट उजेडात शेवाळाचे उंचवटे मऊ दिसतात, ऊन पडले की चित्र बिघडते.

स्काफ्ताफेलच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला लोखंडी तुळयांचे पिळवटलेले दोन अवशेष ठेवले आहेत. १९९६ च्या उद्रेकात व्हात्नायोकुल या महाहिमनदीखाली साठलेले पाणी ५ नोव्हेंबरला एकदम फुटून बाहेर आले, आणि हिमनगांसह आलेल्या त्या लोंढ्याने स्केदारार्सांदुर या वाळूच्या मैदानावरील पूल मोडून टाकले. तुळईची जाडी माझ्या खांद्याएवढी होती आणि ती कापडासारखी पिळली गेली होती. तुळईवरच्या गंजाचे आणि रिव्हेटच्या ओळीचे जवळून घेतलेले चित्र या प्रवासातील माझ्या आवडत्या चित्रांपैकी एक आहे.

दुपारनंतर स्वार्तिफॉसपर्यंत चालत गेलो. धबधबा वीस मीटरच्या आसपास आहे, पण त्याच्या पाठीमागे लोंबकळणारे काळे स्तंभ पाहून रेक्याविकच्या हॉल्ग्रिम्सकिर्क्या चर्चची रचना कोठून सुचली ते समजते. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो, त्याला भेगा पडतात आणि त्या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत सरकत गेल्याने असे खांब बनतात.

पाचवा दिवस: योकुल्सार्लोन आणि स्तोक्सनेस

पहाटे योकुल्सार्लोनला पोहोचलो. हिमनदी मागे हटू लागल्यावर १९३० च्या दशकापासून तयार झालेले हे सरोवर आता २०० मीटरहून खोल असून हिमनदी जसजशी मागे जाते तसतसे ते वाढत आहे. हिमनग तुटून येथे तरंगतात, ओहोटीबरोबर आखूड कालव्यातून समुद्रात जातात आणि लाटा त्यांतले काही तुकडे पुन्हा काळ्या वाळूवर आणून टाकतात. किती बर्फ मिळेल हे भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असते. एखाद्या दिवशी किनारा रिकामाही असतो. आमच्या वाट्याला मोजके तुकडे आले. एक साधारण नारळाएवढा तुकडा मी बराच वेळ न्याहाळत बसलो. वरून तो काचेसारखा स्वच्छ होता, आत मात्र हवेच्या बुडबुड्यांच्या बारीक रांगा आणि त्यांना छेदून गेलेली राखेची एक करडी रेघ होती. सूर्य उगवताच त्याच्या पाठीमागून उजेड आत शिरला. लाट परत जाताना अर्ध्या ते एक सेकंदाचा शटर ठेवला, की पाण्याच्या रेषा बर्फाभोवतीने ओढल्या जातात. याहून जास्त ठेवला तर वाळू नुसती धुरकट दिसते. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतत असल्याने प्रत्येक लाटेनंतर फ्रेम सरळ करावी लागते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर पाय उघडून गोड्या पाण्याने धुवावे लागतात.

संध्याकाळी होप्नजवळच्या स्तोक्सनेसला, प्रवेशशुल्क भरून, व्हेस्ट्राहोर्न हा ४५४ मीटरचा डोंगर पाहिला. हा डोंगर बेसॉल्टचा नाही. वितळलेला खडक वर न येता जमिनीखालीच सावकाश थंड झाल्याने बनलेल्या गॅब्रो या दगडाचा आहे, त्यामुळे त्याची शिखरे दातेरी आहेत. समोर काळ्या वाळूच्या टेकड्या, त्यांवर पिवळ्या गवताचे झुबके, आणि ओल्या वाळूत डोंगराचे प्रतिबिंब.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावरील ढगांच्या नकाशात हिरवा भाग ढगांचा आणि पांढरा मोकळ्या आकाशाचा असतो. रात्री दहाच्या सुमारास आमच्यावर पांढरा पट्टा आला आणि अकराला ध्रुवीय प्रकाश उमटला. आरंभी तो फिकट ढगासारखाच वाटतो. कॅमेऱ्याने दोन सेकंदांची चाचणी घेतल्यावर हिरवा रंग दिसून खात्री पटते. मग तो पट्टा हलू लागला, त्याच्या घड्या पडू लागल्या आणि खालच्या कडेला गुलाबी झाक आली. हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनचा, खालची गुलाबी-जांभळी कड नायट्रोजनची. प्रकाश मंद असताना मी शटर १० सेकंद उघडा ठेवत होतो, पण तो नाचू लागल्यावर ३ सेकंदांवर आणून आयएसओ ३२०० केला, नाहीतर घड्या पुसल्या जातात. फोकस आधी एका ताऱ्यावर हाताने लावून ठेवला होता. बोटे इतकी बधिर झाली होती, की बॅटरी बदलायला मेहुण्याची मदत लागली. पत्नीने सुरुवातीला चार फोटो काढले आणि मग कॅमेरा गाडीत ठेवून ती नुसती पाहत राहिली.

सहावा दिवस: पूर्वेचे फ्योर्ड

दिवसभर पाऊस. प्रत्येक फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, आत जाऊन पुन्हा बाहेर यावे लागत असल्याने समोरचा रस्ता दिसत असूनही तेथे पोहोचायला अर्धा तास लागतो. जुप्पिवोगुरला कोकराच्या मांसाचे सूप घेतले. शाकाहारी पत्नीने स्कीर (घट्ट दह्यासारखा पदार्थ), ब्रेड आणि पुण्याहून नेलेली शेंगदाण्याची चटणी यांवर भागवले. एगिल्सस्तादिरला लवकर पोहोचून कपडे वाळवले.

सातवा दिवस: हेंगिफॉस, स्तुडलागिल, देत्तिफॉस

हेंगिफॉस १२८ मीटर उंच आहे, पण त्याचे वैशिष्ट्य उंचीत नाही. कड्यात काळ्या बेसॉल्टच्या थरांमध्ये लाल मातीचे आडवे पट्टे आहेत. दोन लाव्हांच्या दरम्यान बराच काळ गेला, की वरच्या दगडाची माती होते, आणि पुढचा लाव्हा तिच्यावर पसरून तिला भाजून काढतो. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांत असेच लाल पट्टे दिसतात. मेहुणा येथून हलायला तयार नव्हता.

स्तुडलागिलचे स्तंभ जगाला दिसू लागले ते वीज प्रकल्पामुळे. २००९ मध्ये पूर्ण झालेल्या काराह्न्युकार प्रकल्पाने नदीचे पाणी वळवले, पातळी उतरली आणि तोवर पाण्याखाली असलेल्या भिंती उघड्या पडल्या. गुलफॉस वीज प्रकल्प टळला म्हणून वाचला, आणि ही घळ वीज प्रकल्प झाला म्हणून दिसली. यातले काय बरोबर याचा निकाल मला देता येत नाही. उन्हाळ्याअखेर धरण भरून सांडले की निळसर पाण्याऐवजी हिमनदीचे गढूळ पाणी येते. आम्हाला ते राखाडीच मिळाले. मग रंगाचा नाद सोडून स्तंभांची चित्रे कृष्णधवल घेतली, आणि ती निळ्या पाण्याच्या सुप्रसिद्ध चित्रांपेक्षा मला अधिक खरी वाटतात.

देत्तिफॉस ४४ मीटर उंच आणि सुमारे १०० मीटर रुंद आहे. पश्चिमेकडील रस्ता डांबरी आहे, पूर्वेकडील खडीचा. येथील तुषारांत हिमनदीने दळलेला बारीक गाळ असतो. तो वाळल्यावर काचेवर राखाडी थर बसतो, आणि कोरड्या कापडाने पुसल्यास लेन्सवर चरे उठतात. आधी स्वच्छ पाण्याचे थेंब सोडून गाळ वाहू द्यावा आणि मगच पुसावे.

आठवा दिवस: मिव्हाट्न

नामाफ्यालच्या पायथ्याशी जमिनीतून वाफ फुसफुसत असते आणि करडा चिखल रटरटत असतो. गंधकाचा वास कपड्यांना दोन दिवस सोडत नाही. सकाळी सूर्य वाफेच्या पाठीमागे असताना येथे यावे. तिच्यातून चालणारी माणसे नुसत्या काळ्या आकृत्या होतात. जवळच्या क्राफ्ला येथे १९७५ ते १९८४ या काळात नऊ वेळा लाव्हा बाहेर आला. त्यावर शेवाळही धड धरलेले नाही आणि भेगांतून अजून वाफ येते. जमिनीच्या याच उष्णतेत पुरून चोवीस तास भाजलेला राईचा गोडसर ब्रेड लोण्याबरोबर खाल्ला.

दुपारी गोडाफॉस पाहून आकुरेयरी गाठले. वाटेतला ७.४ किलोमीटरचा बोगदा खोदताना गरम पाण्याचे झरे लागले होते आणि त्याचे काम बरेच लांबले. त्याचा टोल नाक्यावर नव्हे, इंटरनेटवर भरायचा असतो.

नववा आणि दहावा दिवस: स्नायफेल्सनेस

आकुरेयरीहून ग्रुंदारफ्योर्दुरपर्यंतचा दिवस गाडीतच गेला. किर्क्युफेलसमोर ट्रायपॉडची रांग लागलेली होती, आणि प्रत्येकजण धबधबा डाव्या हाताला व डोंगर मागे असे एकच चित्र घेत होता. मीही घेतले. त्यात माझे असे काही नाही.

दुसऱ्या दिवशी द्युपालोन्सांदुरच्या किनाऱ्यावर जुन्या मच्छीमारांचे ताकद अजमावण्याचे चार गुळगुळीत दगड पाहिले: १५४, १०० , ५४ आणि २३ किलोंचे. होडीवर घेण्यापूर्वी माणसाला हे दगड उचलायला लावत. मेहुण्याने ५४ किलोचा दगड गुडघ्यापर्यंत आणला आणि १०० किलोच्या दगडाला नुसता नमस्कार केला. त्याच किनाऱ्यावर १९४८ मध्ये फुटलेल्या ब्रिटिश मासेमारी जहाजाचे गंजलेले पत्रे विखुरलेले आहेत. ते हलवण्यास मनाई आहे.

अखेरचा दिवस: रेक्यानेस

विमान दुपारचे होते, म्हणून सकाळी रेक्यानेस द्वीपकल्पावर गेलो. येथे २०२१ पासून पुन्हा उद्रेक सुरू झाले; नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे गाव रिकामे करावे लागले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लाव्हाने गरम पाण्याची मुख्य नळी तोडल्यामुळे द्वीपकल्पातील हजारो घरे ऐन थंडीत उबेविना राहिली. ग्रिंदाविककडे जाणारा रस्ता लाव्हाखाली गेल्यावर तो त्याच लाव्हावरून नव्याने बांधला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशासारखा काळा, टोकेरी, अजून एकही शेवाळाचा ठिपका नसलेला दगड आहे, आणि त्यापलीकडे बुलडोझरांनी रचलेले मातीचे उंच बांध. पाऊस पडत होता आणि दगडातून वाफ निघत होती. मेहुण्याने हातमोजा काढून गाडीतळाजवळच्या एका दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाला, “दाजी, थंड झालाय. पण आत नसणार.” मी त्या तळव्यासह दगडाचे एक चित्र घेतले आणि मग आम्ही गाडी परत करायला निघालो.